प्रश्नांना वेळ नाही

"तुझं भाषण मोठ्या हॉलमध्ये हलवलंय," डॉ. देशकर म्हणाले आणि अभिनंदनासाठी त्यांनी हात पुढे केला.

मी नाश्त्याच्या रांगेत होते. एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात त्यावर ओतायची तर्री. हात मिळवायचा तर काहीतरी खाली ठेवावं लागणार होतं. मी काहीच खाली ठेवलं नाही.

"कुठून हलवलं, सर?"

"गुडघ्याच्या सत्रातून. तिथे काय, वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, पन्नासेक माणसं. आता बेटा, सहाशे! जेवणाआधीचं विविधता आणि मार्गदर्शन सत्र. कॅमेरे, पत्रकार, सगळे."

"आणि प्रश्न?"

"कसले प्रश्न?"

"भाषणानंतरचे. गुडघ्याच्या सत्रात प्रश्नांना पाच मिनिटं होती."

ते मनापासून हसले. डॉ. प्रफुल्ल देशकर त्या जैवयांत्रिकी परिषदेचे मुख्य संयोजक होते आणि माणूस खरोखर चांगला होता. ज्या मुलामुलींच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्यांना नागपूरला बोलवायचं, प्रवासखर्च द्यायचा, तीन दिवसांसाठी एकेक ज्येष्ठ शास्त्रज्ञ मार्गदर्शक म्हणून जोडून द्यायचा, ही कल्पना त्यांचीच. आम्ही बाराजण होतो. बाकीच्यांच्या गळ्यात निळी फीत, आमच्या पिवळी, म्हणजे लोकांनी आपणहून येऊन आमच्याशी बोलावं.

"हर्षाली, हा सन्मान आहे," ते म्हणाले. "सन्मानाला कोणी प्रश्न विचारतं का? दहा मिनिटं बोल. तुझा प्रवास सांग. आई मासे विकते ना? तिचा टोपलीसकट एखादा फोटो असेल तर दे, मागे मोठ्या पडद्यावर लावू."

"आई माझ्या अभ्यासात नाही, सर. नातेवाईक घेतले की आकड्यांवर संशय येतो."

"अगं, मी अभ्यासाबद्दल कुठे बोलतोय?"

"मी अभ्यासाबद्दलच बोलत्येय."

रांग पुढे सरकली. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या पिवळ्या फितीकडे गेले. वरच्या खोलीतली माझी जागा कृत्रिम सांधे बनवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला दिल्याचं नंतर कळलं. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. एका व्यक्तीला एकच भाषण, असा नियम होता.

शरीर हालचाल कशी करतं, कुठल्या सांध्यावर किती भार पडतो, हे मोजण्याच्या शास्त्राला जैवयांत्रिकी म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात आणि भोवतीचे कॅमेरे ते गोळे टिपतात. गोळे कातडीवर चिकटवायचे, म्हणून माणूस तोकड्या, घट्ट चड्डीत हवा. नियमच तसा आहे. त्यामुळे आमच्याकडे 'सामान्य गुडघा' म्हणून जे आकडे होते ते सगळे हॉस्टेलच्या मुलांचे. बायांच्या नावापुढे वर्षानुवर्षं एकच शेरा: सहभागी उपलब्ध नाहीत.

उपलब्ध नाहीत कशा? रेवदंड्याच्या पुढच्या आमच्या बंदरावर रोज सकाळी शंभरेक बाया उकिडव्या बसून मासे निवडतात आणि डोक्यावर टोपली घेऊन, हात न टेकता उठतात. त्यांच्यातल्या साठीच्या काहीजणींना मी प्रयोगशाळेत आणलं. चड्डीचं नाव काढताच हिराबाय म्हणाली, "चड्डी घालून मी माझ्या दादल्यापुढं नाय गेली, तुज्या क्यामेऱ्यापुढं कशी जाऊ गो?" बाकीच्या इतक्या हसल्या की आमच्या तंत्रज्ञाने बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं. कासोट्याचं लुगडं. गुडघ्याखाली पाय उघडा, गुडघाही जवळजवळ उघडा, कापड मांडीला घट्ट लपेटलेलं. हिला चड्डीत घालायची गरजच काय? पोटरीवरचे गोळे कातडीवर चिकटवायचे आणि मांडीवरचे एका कडक पट्टीवर लावून ती लुगड्यावरूनच आवळून बांधायची. हे आमच्या नियमात बसत नव्हतं. पण मोजमाप झालं, आणि जे दिसलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते खरं आहे की मी कुठे फसलेय, हे सांगू शकतील अशी माणसं मला हवी होती. देशातली अशी बहुतेक माणसं गुडघ्याच्या सत्राला वरच्या लहान खोलीत असणार होती.

"जाऊ दे ना बाई," कुमुद म्हणाली. कुमुद मडावी गडचिरोलीची, माझ्याच खोलीत उतरलेली, तीही पिवळ्या फितीची. चाकाची खुर्ची ढकलताना खांद्याचं काय होतं हा तिचा विषय. "फोटो काढतीन, शाल देतीन, जेवू घालतीन. मले तर विचारलं, जंगलातून इथपर्यंत कशी आलीस म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"बसनं आली म्हटलं. वडसा मार्गे."

मला हसू आलं. मी तिला विचारलं, "तुला नाही वाटत गं, कोणीतरी आपलं काम फाडून बघावं?"

"वाटते ना." ती शाल ठेवायला बॅगेत जागा करत होती. "पन पाहुण्याच्या ताटातलं मीठ कोनी चाखून पाहत नाही."

माझ्या मार्गदर्शक होत्या डॉ. वसुधा अष्टपुत्रे. गुडघ्याच्या क्षेत्रात त्यांचं नाव मोठं, आणि धाकही तेवढाच. भाषण संपलं की त्या पहिल्या रांगेतून हात वर करत. त्यांचा हात वर गेला की वक्ते पाणी पितात, असं आमच्या प्रयोगशाळेत म्हणत. मी त्यांना चहाच्या मंडपात गाठलं आणि सगळं सांगितलं. मनात हिशेब साधा होता: त्या देशकरांना एक शब्द बोलतील आणि माझं भाषण परत वर जाईल.

त्यांनी ऐकून घेतलं, मग लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि माझ्या स्लाइड्स एकेक पुढे नेऊ लागल्या. एका स्लाइडवर थांबल्या. मागे गेल्या. परत तिथे आल्या. चहावर साय धरली.

"हं," त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"एक शंका आहे मला. मोठी आहे."

"कोणती?"

"इथे नाही सांगणार." त्यांनी लॅपटॉप मिटला. "चहाच्या टेबलावर मी शंका सांगितली तर तू ती रात्रीत झाकशील. हुशार आहेस, छान झाकशील."

"पण तिथे प्रश्नच नाहीत! तेच तर सांगत्येय मी. तुम्ही देशकर सरांशी बोललात तर—"

"ते माझं ऐकतील. लगेच ऐकतील. आणि तू वर जाशील ती अष्टपुत्र्यांनी पाठवलेली मुलगी म्हणून. तिथेही कोणी काही विचारणार नाही, मला घाबरून." त्यांनी सायीसकट चहा पिऊन टाकला. "प्रश्न हवेत तर प्रश्न मिळव."

"कसे?"

"मला काय माहीत? मंच तुझा आहे."

त्या उठून गेल्या. एवढ्या लांबून आले, मार्गदर्शक म्हणून ज्या मिळाल्या त्यांनी माझ्या कामात खोट बघितली आणि ती सांगितलीही नाही. मी दिवसभर त्यांना मनातल्या मनात जे काही म्हणाले ते आमच्या बंदरावरच्या भाषेतलं होतं. संध्याकाळी सगळ्या स्लाइड्स पुन्हा तपासल्या. त्या कुठल्या स्लाइडवर थांबल्या होत्या तेही मला आठवत होतं. त्या स्लाइडवर माझा तिसरा निष्कर्ष होता. मला सगळ्यात आवडलेला.

दुसऱ्या दिवशी हॉल खरंच भरला होता. जेवणाआधीची वेळ, त्यामुळे निम्मी माणसं दाराकडे तोंड करून बसल्यासारखी. निवेदिकेने माझं नाव घेतलं आणि माझ्या मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'टोपलीपासून प्रयोगशाळेपर्यंत.' फोटो मी दिला नव्हता, म्हणून त्यांनी कुठल्या तरी अनोळखी कोळणीचं चित्र लावलं होतं. नाकात नथ, डोक्यावर टोपली, टोपलीत चांदीसारखे मासे. बाजाराला जाताना अशी नथ कोणी घालत नाही.

मी माइकजवळ गेले. मी माझा पेनड्राइव्ह लावला आणि कोळीण पडद्यावरून गेली.

"नमस्कार. ह्या बाईंना मी ओळखत नाही," मी म्हणाले. "ज्यांना ओळखते त्यांचे गुडघे दाखवते."

कुठेतरी कोणी हसलं. मी सुरू केलं. हॉस्टेलच्या मुलांचा आलेख, त्यावर आमच्या बायांचा. कासोटा, कडक पट्टी, कॅमेरे. मग तीन निष्कर्ष. एक: ह्या बायांचा गुडघा रोजच्या कामात जेवढा वाकतो तेवढा आपल्या प्रमाण आकड्यांत कुठेच नाही. दोन: त्या आपल्या उठण्या-बसण्याच्या चाचणीत शिकवतात तशा दोन्ही पाय जुळवून सरळ उठत नाहीत; एक पाऊल पुढे, मागची टाच वर, अंग किंचित वळवून उठतात. तीन: असं उठताना गुडघ्यावरचा भार कमी होतो.

घड्याळ बघितलं. दहापैकी सहा मिनिटं झाली होती. प्रवासासाठी चार राखून ठेवावीत असं देशकरांनी सांगितलं होतं.

"उरलेली चार मिनिटं मी माझा प्रवास सांगावा असं ठरलंय," मी म्हणाले. "प्रवास असा: मांडव्यापर्यंत रिक्षा, पुढे लाँच, मुंबईहून दुरांतो. बरा झाला. ही चार मिनिटं मी प्रश्नांना देते."

मंचावर शालींचं तबक घेऊन उभी असलेली मुलगी देशकरांकडे बघू लागली. देशकर खुर्चीतून अर्धे उठले. "हर्षाली बेटा, या सत्रात प्रश्नांची प्रथा नाही."

"माहीत आहे, सर. वेळ माझा आहे, तो मी माझ्या पद्धतीने वापरते."

कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. लोक खूश होते. काय बाणेदार मुलगी! मी हात वर करून थांबायची खूण केली. ते आणखी जोरात वाजवू लागले.

"टाळ्या नकोत," मी माइकमध्ये म्हणाले, आणि आवाज मला वाटला त्यापेक्षा चढला. "गेलं दीड वर्ष मी हे मोजत्येय. ह्यात चूक असेल तर ती मला आज हवी आहे. वरच्या खोलीत असते तर तुम्ही मला सोडलं असतं का? मग इथे का सोडताय?"

टाळ्या विरल्या. लोक आपापल्या गळ्यातल्या फितींकडे बघत होते. देशकर माइककडे यायला निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. तीच मला सोसवत नव्हती.

पहिल्या रांगेत एक हात वर गेला.

मी टेबलावरचं पाणी प्यायले.

"अष्टपुत्रे," त्या उभ्या राहत म्हणाल्या, जणू त्यांना कोणी ओळखत नव्हतं. "तुमच्या मांडीवरची पट्टी कापडावर बांधलेली आहे. बरोबर?"

"बरोबर."

"कापड सरकतं."

"हो."

"माणूस उकिडवा बसला की जास्त सरकतं. दोन बोटं कापड सरकलं तर तुमच्या हिशेबातला गुडघा दोन बोटं चुकीच्या जागी जातो. मग तुम्ही मोजलात तो गुडघा की लुगडं?"

हॉलमधून एक दबका हुंकार आला. मागे कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "बिचारी." देशकर पटकन माइकवर आले. "अहो मॅडम, काहून असं? हे सत्र प्रोत्साहनासाठी आहे."

"तेच करत्येय," अष्टपुत्रे त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "उत्तर?"

मी माइक जवळ ओढला.

"मी ताडून पाहिलं होतं," मी म्हणाले. "आधी चड्डी घालून, कातडीवर पट्टी. मग लुगडं नेसून, कापडावर. दोन्हींतला फरक काढला."

"किती जणींवर?"

"एकीवर."

"कोण ती?"

"मीच."

लोक हसले. ह्या वेळी मलाही हसू आलं.

"तुम्ही पंचविशीच्या," त्या म्हणाल्या. "त्या साठीच्या. तुमची मांडी आणि त्यांची मांडी सारखी हलते?"

"नाही."

"फरक किती आला?"

"पूर्ण वाकल्यावर दहा अंशांच्या आसपास."

"दहा!" त्यांनी मागे वळून हॉलकडे बघितलं आणि मग परत माझ्याकडे. "मग आता सांगा. तुमचं काय उरतं?"

मी आलेखाकडे वळले. खरं तर वळायची गरज नव्हती, तो मला पाठ होता. मनात वजाबाकी केली. परत केली.

"दहा अंश सोडून दिले तरी वाकण्याचा आकडा प्रमाण आकड्यांच्या बराच वर राहतो," मी म्हणाले. "त्यामुळे पहिला निष्कर्ष टिकतो. दुसऱ्याला पट्टीची गरजच नाही, पाऊल आणि टाच उघडी होती, ती कॅमेऱ्याने थेट टिपली. तोही टिकतो. तिसरा..." मी ती स्लाइड पुढे आणली. "तिसरा निष्कर्ष भाराचा आहे. त्यातला फरक लहान आहे. गुडघ्याची जागा दोन बोटं चुकली तर तो पुसला जाईल. तिसरा मी मागे घेते."

पिवळ्या फितीच्या सत्रात कोणी काही मागे घेतलं नव्हतं आजवर. तबकवाली मुलगीही माझ्याकडे बघत राहिली.

"पहिले दोन घेत नाही," मी म्हणाले. "ते पाडून दाखवा."

अष्टपुत्रे खाली बसल्या. आणि त्यांच्या मागे तीन हात वर होते. नाही, चार.

एक उंच सर्जन माइकची वाट न बघताच बोलू लागले. "आम्ही पेशंटला बजावतो, सांधा बदलल्यावर उकिडवं बसायचं नाही. मग ह्या आकड्यांचा उपयोग काय?"

"तुम्ही बजावता, सर. त्या बसतात. मासे जमिनीवर असतात."

"पण सांधा त्यासाठी बनवलेलाच नाही!"

"तेच मी सांगत्येय."

कंपनीचा माणूस उभा राहिला, तोच, माझ्या जागेवर गेलेला. त्याने एवढा वाकणारा सांधा बनवण्याच्या खर्चाचा मुद्दा काढला. त्याला मागून कुमुद म्हणाली, "बायकांनी काम सोडल्याचा खर्च धरला का तुमी?" आणि मग कोण कोणाला विचारतंय हे देशकरांच्या हातात उरलं नाही. चार मिनिटं कधीच संपली होती. माझ्या पद्धतीवर, माझ्या नमुन्यावर, माझ्या पट्टीवर लोक तुटून पडले होते. एकाने तर माझ्या पद्धतीसाठी मूर्खपणा हा शब्दही वापरला, इंग्रजीत, सभ्यपणे. मी त्याला उत्तर दिलं.

शाल मला कोणी आणि कधी दिली ते आठवत नाही. वाद बाहेरच्या गालिच्यावर तसाच सुरू होता. उंच सर्जनांना दुसरा निष्कर्ष पटतच नव्हता. "डोक्यावर वजन आणि हात न टेकता? शक्य नाही. करून दाखवा."

मी लॅपटॉपची बॅग डोक्यावर घेतली, ओढणी कमरेला खोचली, उकिडवी बसले आणि उठले. एक पाऊल पुढे, टाच वर, अंग वळवून.

"परत," ते म्हणाले.

परत केलं. मग ते स्वतः बसले, सुटाबुटासकट. पाय जुळवून, चाचणीत असतं तसं सरळ उठायला गेले आणि बाजूला कलंडले ते थेट देशकरांच्या पायावर. देशकर म्हणाले, "अहो, जेवण थंड होऊन राहिलं!" पण कोणी ऐकत नव्हतं. आणखी दोघं बसले होते. एकजण टाच वर, एकजण टाच खाली, आणि दोघंही एकमेकांना चूक म्हणत होते.

थोड्या वेळाने माझ्या शेजारी कोणीतरी बसलं. अष्टपुत्रे. साडीचा घोळ आवरून, अगदी व्यवस्थित उकिडव्या.

"तुझं दहा अंशांचं उत्तर मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दहाजणींवर ताडून बघ. साठीच्या."

"चड्डी कोण घालेल?"

"मी घालते. मैत्रिणी आणते."

"मॅडम, काल सांगितलं असतंत तर तिसरा निष्कर्ष मी काढूनच टाकला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं."

समोर सर्जन पुन्हा उठायच्या तयारीत होते. त्यांनी आता एक पाऊल पुढे घेतलं होतं. अष्टपुत्रे त्यांच्या टाचेकडे बघत होत्या.

"ह्या परिषदेत पेपर वाचणारी मी पहिली बाई," त्या म्हणाल्या. "तेव्हा एवढी मोठी नव्हती ही. मी खाली उतरल्यावर अध्यक्षांनी गुलाबांचा गुच्छ दिला. अख्खी सभा उभी राहिली. एकानेही काही विचारलं नाही."

"मग?"

"मग काय? चूक होती माझ्या कामात. ढळढळीत. हॉलमधल्या निम्म्या लोकांना दिसली असणार." त्यांनी एक पाऊल पुढे सरकवलं आणि मागची टाच उचलली. "मला ती सापडायला चार वर्षं लागली. तोवर मी त्याच्यावरच पुढचं सगळं बांधत होते."

आणि हात न टेकता त्या उठल्या.